पटतं म्हणून मानायचं की परवडतं म्हणून?

समजा कोणीतरी येऊन तुम्हाला म्हणालं, तुझ्या डोक्यावर आत्ता जेवढे केस आहेत ना त्यांची संख्या सम आहे असं फक्त मनापासून मान, मागशील ते बक्षीस देतो. नुसतं तोंडाने म्हणून चालणार नाही हां, त्याच्याकडे मनातलं वाचणारं मशीन आहे, तुम्हाला खरोखर तसं वाटलं तरच बक्षीस. (टक्कल असणाऱ्यांची इथे चांदी आहे, शून्य ही सम संख्याच.) करून बघा. डोळे मिटा, दातओठ खा, शंभर वेळा पुटपुटा, नाही होणार. बक्षीस दुप्पट केलं तरी नाही होणार. आता तोच माणूस म्हणाला की बरं ते राहू दे, दोन मिनिटं एका पायावर उभा राहा, बक्षीस तेच, तर हा वेडा आहे का वगैरे विचार नंतर, आधी पाय वर.

मला हा फरक फार भारी वाटतो. काही करून घ्यायचं असेल तर लाच चालते, धाक चालतो, गोड बोलणं चालतं. काही मानायला लावायचं असेल तर यातलं काहीच थेट चालत नाही, तिथे एकच चलन चालतं ते म्हणजे ती गोष्ट खरी असल्याचं काहीतरी चिन्ह. आणि तरीही आपण दिवसभर एकमेकांना जे काही पटवत असतो त्यात ही दोन चलनं सर्रास एकमेकांत मिसळतो, आणि मग भांडणं होतात, आणि ती मिटत नाहीत कारण दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. गेले काही दिवस मी याच विषयावर वाचतेय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तर. 'का केलंस?' असं विचारलं की उत्तरात पुढचं काहीतरी येतं, हे मिळावं म्हणून, ते टळावं म्हणून, तिला बरं वाटावं म्हणून. सातव्या शतकातले तत्त्वज्ञ कुमारिल भट्ट, त्यांचं एक वाक्य आहे, प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते, म्हणजे काही हेतू नसेल तर मठ्ठ माणूससुद्धा हलत नाही. (हे वाक्य सकाळी गजर वाजल्यावर स्वतःला ऐकवायला उत्तम आहे, न उठायच्या बाजूने.) पण 'का मानतोस?' असं विचारलं की उत्तरात पुढचं काही चालत नाही, तिथे त्या गोष्टीकडेच बोट दाखवावं लागतं. न्यायशास्त्रातलं (कोर्टातलं नव्हे, आपलं जुनं तर्कशास्त्र) ते घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण घ्या, पर्वतावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतोय. दुसऱ्याला पटवायचं तर पाच पायऱ्या सांगितल्यात, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. या पाचांत 'आणि आग आहे असं मानलं की ऊबदार वाटतं' याला कुठेच जागा नाही. कोणी तसं म्हणालंच तर आपण त्याला चुकीचा युक्तिवाद सुद्धा म्हणणार नाही, आपण म्हणू की याला प्रश्नच कळलेला नाही.

बर्नार्ड विल्यम्स नावाचे इंग्रज तत्त्वज्ञ होते, त्यांचा ठरवून विश्वास ठेवण्याबद्दल एक निबंध आहे, १९७३ च्या त्यांच्या पुस्तकात तो आला. त्यांचं म्हणणं साधारण असं की समजा मला हवं तेव्हा हवं ते मानता आलं असतं, तर मला हेही माहीत असतं की ही गोष्ट मी खरीखोटी न बघता, सोयीने उचलली आहे. आणि एकदा ते माहीत असलं की ती माझी समजूत उरतच नाही, ते नाटक होतं. म्हणजे इच्छाशक्ती कमी पडते असा हा प्रकार नाहीये. मानणं ही चीजच अशी आहे की ती खऱ्याच्या मागे मागे चालते, आणि तुम्ही तिला दुसरीकडे वळवलंय हे तुम्हालाच ठाऊक असेल तर ती मान टाकते.

आता हे सगळं फार पुस्तकी वाटत असेल तर एक खरा प्रसंग सांगते. माझ्या एका जवळच्या मैत्रिणीला गाठ लागली होती, तपासणीला तुकडा पाठवला होता आणि रिपोर्ट यायचा होता. त्या दिवसांत तिला जो तो एकच सांगत होता, काही नाही होणार गं, पॉझिटिव्ह राहा. मी पण सांगितलंच. एका संध्याकाळी ती वैतागून मला म्हणाली, "अगं सगळे मला सांगतायत की असं मान म्हणजे तुला बरं वाटेल. मी म्हणते कशावरून? तर सगळे गप्प. मला बरं वाटायचं नाहीये, मला आत काय आहे ते हवंय." मग थोडं थांबून म्हणाली की तिच्या मावशीचा तेवढा एकच फोन कामाचा होता. मावशी धीर वगैरे काही देत बसली नाही, ती म्हणाली तुझ्या आईलाही याच वयात अशीच गाठ आली होती आणि ती साधी निघाली, आणि डॉक्टर काय म्हणाले ते नीट सांग बघू. डॉक्टर म्हणाले होते की अशा बहुतेक गाठी साध्याच निघतात. बास. मावशीचं म्हणणं पुरावा म्हणून काही फार भक्कम नव्हतं, आईची गाठ ती आईची, पण ते योग्य जातीचं होतं. ते गाठीबद्दल होतं. बाकी सगळ्यांचं बोलणं तिच्या मूडबद्दल होतं.

मला तिचं ते 'कशावरून' विसरता येत नाही. म्हणजे आम्ही काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाही, कारण 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणं ही सुद्धा एक कृतीच आहे ना, आणि कृती म्हणून तिच्यामागे चांगली कारणं होती, माया होती, काळजी होती. पण ते तिच्या हातात पडलं ते मानण्याचं कारण म्हणून, आणि तसं म्हटलं तर ते पोकळ होतं. आणि गंमत म्हणजे तिने जे केलं ते कोणीच सांगितलं नव्हतं. तिने ऑफिसमधलं काम एका सहकाऱ्याला समजावून ठेवलं, फाइली कुठे आहेत, कोणाशी काय बोलणं झालंय, सगळं, आणि त्याच आठवड्यात पुढच्या महिन्यातल्या पोहण्याच्या क्लासची फी भरून टाकली. मी विचारलं, तुला काय वाटतंय नक्की? म्हणाली, "काहीच वाटत नाहीये, वाटायला अजून काही आलेलंच नाहीये हातात. पण दोन्ही तयारी करायला कोणी अडवलंय?"

यात माझा सगळा मुद्दा आला खरं तर. मानायला पुरावा लागतो आणि तो नसला की माणूस अडकतो, करायला मात्र तेवढा लागत नाही. आपण उगाच समजतो की आधी ठाम विश्वास मग कृती, तर तसं काही नसतं.

या बाबतीत सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे पास्कल. तोच तो दाबाच्या नियमवाला, गणितवाला. १६६२ मध्ये तो वारला आणि त्याची टिपणं १६७० मध्ये छापली गेली, त्यात त्याची ती पैज आहे. देव आहे की नाही हे बुद्धीने ठरत नाही, पण पैज तर लावावीच लागणार, मग आहे यावर लावा, असला तर अनंत लाभ, नसला तर गमावलं काय? यावर लोक तीनशे वर्षं तुटून पडलेत आणि त्यातला फ्रेंच विचारवंत दीदरोचा टोला मला सगळ्यात आवडतो, की हाच हिशेब एखादा इमामही मांडू शकेल. म्हणजे पैज लावायची तर नेमकी कोणत्या देवावर?

पण पास्कलबद्दल जे कमी सांगितलं जातं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो काही भोळा नव्हता. त्याच्या लिखाणातला समोरचा माणूस म्हणतो की हिशेब पटला रे बाबा, पण माझा स्वभावच असा आहे की मला मानता येत नाही, मी काय करू? यावर पास्कल 'प्रयत्न कर' असं म्हणत नाही, कारण त्याला माहिती आहे की असा प्रयत्न करता येत नाही. तो म्हणतो, आधी जे तुझ्यासारखेच अडकले होते त्यांनी काय केलं ते बघ. त्यांनी सगळं विश्वास असल्यासारखं करायला सुरुवात केली, पवित्र पाणी घेतलं, प्रार्थनांना गेले, आणि मग हळूहळू विश्वास आपोआप आला. बघा, इथे तो काय करतोय, मानण्याचा दरवाजा समोरून बंद आहे म्हणून कृतीच्या मागच्या दाराने आत शिरतोय. फायद्याचं कारण त्याने बरोबर तिथेच वापरलं जिथे ते चालतं, म्हणजे वागण्यावर.

हा मार्ग चालतो का? चालतो ना, दुर्दैवाने. रोज एकाच प्रकारच्या माणसांत बसा, एकाच प्रकारच्या बातम्या ऐका, तेच तेच म्हणा, वर्षभरात तुम्हाला ते मनापासून पटायला लागतं, आणि एकदा पटलं की आपण इथे कसे पोचलो ते आठवतही नाही. मला पास्कल प्रामाणिक वाटतो कारण तो हे उघड सांगतो. बाकीचे आपल्याला त्याच दाराने आत नेतात आणि पाटी लावतात 'सत्य'.

आता याच्या बरोबर उलट टोकाला क्लिफर्ड. विल्यम क्लिफर्ड हाही गणितीच, लंडनचा, जेमतेम तेहतीस वर्षं जगला. त्याचा १८७७ चा निबंध फार गाजला. त्यात एक जहाजमालक आहे, त्याचं जहाज जुनं, बऱ्याचदा डागडुजी झालेलं, त्यातून परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं जायचीत. मालकाच्या मनात शंका येते की तपासून घ्यावं, पण खर्च येणार. मग तो स्वतःला समजावतो, एवढ्या सफरी नीट झाल्या, ही पण होईल, देव काय या गरीब लोकांना सोडून देईल? आणि समजावता समजावता त्याला खरंच वाटायला लागतं की जहाज ठणठणीत आहे. जहाज बुडतं, सगळे मरतात, हा विम्याचे पैसे घेतो आणि गप्प बसतो.

इथपर्यंत सगळे म्हणतात हो हो, नालायक माणूस. पण क्लिफर्ड पुढे म्हणतो की समजा जहाज बुडलंच नाही, सुखरूप पोचलं, तरी मालकाचा दोष तेवढाच. कारण प्रश्न त्याला जे वाटलं ते खरं निघालं की खोटं हा नाहीये, तसं वाटून घ्यायचा त्याला हक्क होता का हा आहे. (क्लिफर्ड स्वतः १८७० मध्ये सूर्यग्रहण बघायला गेलेल्या मोहिमेत होता आणि सिसिलीजवळ त्यांचं जहाज फुटलं होतं, त्यातून तो वाचला. जहाजाचंच उदाहरण सुचलं यात नवल ते काय.) माझ्या मैत्रिणीचा रिपोर्ट चांगला आला, आणि तेव्हा बऱ्याच जणांनी तिला ऐकवलं की बघ, सांगितलं होतं ना काही होणार नाही! क्लिफर्डच्या हिशेबाने त्यांना हे म्हणायचा काही हक्क नाही. हे मला शंभर टक्के पटतं.

क्लिफर्डचं शेवटचं ते गाजलेलं टोक मात्र मला पटत नाही, की अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणं हे कुठेही, कधीही, कोणासाठीही चूकच. एकतर ते पाळून जगणं अशक्य, आणि दुसरं म्हणजे जहाजाचं उदाहरण एवढं चटका लावतं ते मालकाच्या डोक्यात काय होतं त्यामुळे की त्याने लोकांना त्या जहाजात बसवलं त्यामुळे? समजा त्याला मनापासून वाटत असतं की जहाज ठणठणीत आहे, पण तरीही त्याने म्हटलं असतं की माणसांचा मामला आहे, एकदा तपासून घेऊ, तर? तर आपला सगळा राग विरघळतो. म्हणजे इथेही पुन्हा तेच, त्याची समजूत काहीही असो, त्याला वेगळं वागता येत होतं.

विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८९६ मध्ये क्लिफर्डला उत्तर दिलं. त्याचं म्हणणं, काही प्रश्न असे असतात की ते तुमच्यासाठी जिवंत असतात, टाळता येत नाहीत, आणि फार मोलाचे असतात, आणि पुरावा काही येत नाही, तिथे थांबून राहणं हाही एक निर्णयच झाला, मग तिथे मनाचा कौल घ्यायला हरकत काय? त्याच्याच दुसऱ्या एका निबंधात डोंगर चढणारा एक माणूस आहे, तो अशा जागी अडकलाय की एक भयंकर उडी मारली तरच सुटका. आपण मारू शकू असा विश्वास असेल तर पाय स्थिर राहतील आणि उडी जमेल, शंका खात बसला तर पाय लटपटून दरीत जाईल. म्हणजे इथे विश्वासच स्वतःला खरा करून घेतो.

उदाहरण झकास आहे, मोटिव्हेशनल भाषणवाल्यांचं अख्खं दुकान यावर चाललंय. पण मला शंका अशी आहे की त्या माणसाला उडीसाठी विश्वास लागतो की नुसता घट्टपणा? कारण मी कल्पना करून बघते तर मला असा माणूस दिसतो जो म्हणतो, जमेल की नाही माहीत नाही, दुसरा मार्ग नाही, मारतो. आणि सगळं लक्ष पायावर ठेवून मारतो. असे लोक असतात. ऑपरेशन करणारे असतात, परीक्षेला बसणारे असतात, प्रेमात विचारणारे तर सगळेच असतात. शंका आणि लटपट यांची फारकत करता येते. जेम्सने ती एकच धरली. अर्थात ज्याला ती फारकत जमत नाही त्याच्यासाठी जेम्स बरोबर आहे, आणि दरीच्या काठावर तत्त्वज्ञानातली बारीक चूक काढायची नसते हेही खरं.

हाच वाद आपल्याकडे कितीतरी आधी, आणि खरं सांगू का, जास्त चुरशीने झालाय. प्रत्यक्ष दिसेल तेवढंच मानणाऱ्या चार्वाकाचं म्हणणं होतं की धूर दिसला म्हणून आग आहे हे तुम्ही कशावरून म्हणता? धूर तिथे आग हे आजवर दिसलं, पण सगळीकडे आणि पुढेही तसंच असेल याची खात्री कुठाय, शंका राहणारच. यावर न्यायवाल्या उदयनाचार्यांनी, साधारण दहाव्या-अकराव्या शतकात, उत्तर दिलं ते तीन शब्दांत राहिलंय, व्याघातावधिराशङ्का. म्हणजे शंका घेत जा, पण तुझ्या वागण्याशी तिची टक्कर होईपर्यंतच. त्यापुढची शंका ही शंका नाही. मग बाराव्या शतकात श्रीहर्ष आला, हा माणूस म्हणजे सगळ्यांची विकेट काढणारा, त्याने उदयनाचाच श्लोक घेतला आणि थोडे शब्द फिरवून त्याच्यावरच उलटवला. की अरे, शंका आणि वागणं यांची टक्कर आहे म्हणतोस, पण टक्कर व्हायला शंका तिथे असायला नको का? मग टक्कर शंकेला संपवते कशी? आणि मग चौदाव्या शतकाच्या आसपास न्यायवाल्यांच्याच बाजूने गंगेश उपाध्याय येतो आणि म्हणतो, बाबा रे, धूर हवा असला की तू आगच पेटवतोस, पोट भरायचं असलं की जेवतोसच, दुसऱ्याला सांगायचं असलं की शब्दच वापरतोस, दरवेळी, न चुकता. मग तुला खरंच शंका असती तर हे इतक्या नेमाने केलं असतंस का?

मला गंगेश आवडतो, तो वाद जमिनीवर आणतो, आणि शेवटचा टोमणा तर जबरदस्त आहे, कारण श्रीहर्ष आपली शंका शब्दांतच मांडतोय ना, आपल्याला कळेल या भरवशावर! तरी मी यात थोडी श्रीहर्षाच्या बाजूला झुकते. कारण माणूस न चुकता एखादी गोष्ट करतो एवढ्यावरून त्याला ती मनोमन खरी वाटते हे निघत नाही. त्याने ती धरून चालायचं ठरवलेलं असू शकतं. वकील रोज अशिलाला निर्दोष धरून चालतो, संशोधक सहा महिने एखादी कल्पना बरोबर आहे असं धरून प्रयोग लावतो आणि विचारलं तर सांगतो की मला स्वतःला फिफ्टी-फिफ्टी वाटतं. हे धरून चालणं ठरवता येतं, सोयीने करता येतं, संध्याकाळी सोडून देता येतं. मानणं तसं नसतं. ही दोन वेगळी केली की बऱ्याच गाठी सुटतात असं मला वाटतं, आणि पुरावा नाही म्हणून हातपाय गाळून बसणारे, आणि काम तर करायचंय म्हणून पुरावा असल्याची बतावणी करणारे, दोघांनाही वाट मिळते.

आता इथे एक खोडा आहे तो सांगायलाच हवा नाहीतर मी सोयीचं तेवढं सांगतेय असं होईल. मी आत्तापर्यंत असं मांडलं की मानण्यावर लाच चालत नाही आणि कृतीवर चालते. १९८३ मध्ये ग्रेगरी कावका या तत्त्वज्ञाने एक कोडं टाकलं. एक अब्जाधीश तुम्हाला एक विषाची कुपी देतो, प्यायली तर एक दिवस जीव नकोसा होईल इतकं आजारी पडाल पण पुढे काही त्रास नाही. तो म्हणतो, उद्या दुपारी हे प्यायचा तुझा पक्का इरादा आज मध्यरात्री असेल तर उद्या सकाळी दहा लाख डॉलर तुझ्या खात्यात. प्यायलाच पाहिजे असं नाही, इरादा हवा फक्त. वा, सोपंय! पण थांबा. सकाळी पैसे आले की दुपारी प्यायचं काही कारणच उरत नाही, आणि हे तुम्हाला रात्रीच माहिती आहे. मग मध्यरात्री 'उद्या मी पिणार' असा खरा इरादा करणार कसा? तुम्हाला माहीत आहे की तुम्ही पिणार नाही.

म्हणजे इरादा कृतीच्या घरातला असूनही वागतो मानण्यासारखा. पिण्याची कारणं असतील तर तो येतो, इरादा बाळगण्याची कारणं कितीही मोठी असली तरी येत नाही. मग रेघ मानणं आणि करणं यांच्यात नाहीये बहुतेक, ती हातपाय आणि मन यांच्यात आहे. राग घ्या, कोणावर तरी खरा राग धरायला पैसे देतो म्हटलं तर येईल? कौतुक? पश्चात्ताप? यातलं काहीच भाड्याने मिळत नाही, प्रत्येकाला आपापल्या जातीचं कारण लागतं. एवढं बघून मला माझं मांडणं थोडं दुरुस्त करावं लागतंय पण मूळ मुद्दा उलट पक्काच होतो.

अजून एक फरक, हा माझा आवडता. करण्याच्या बाबतीत आपल्याकडे 'कळतं पण वळत नाही' हे सगळ्यांना माहिती आहे. महाभारतातल्या दुर्योधनाच्या तोंडी पुढे घातलेला श्लोक आहे ना, जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः, धर्म काय ते कळतं पण तिकडे पाय वळत नाहीत. सॉक्रेटिस म्हणायचा असं होऊच शकत नाही, खरंच कळलं असतं तर वळलं असतं. (सॉक्रेटिसला रात्री दोनला मोबाईल खाली ठेवायचा नव्हता, त्याचं काय जातंय.) पण मानण्याच्या बाबतीत याची जोडी शोधून बघा. 'पुरावा पूर्ण पटलाय, बाहेर पाऊस पडतोय हे अगदी सिद्ध आहे, पण मला नाही वाटत पाऊस पडतोय' असं कोणी म्हणालं तर? आळशी नाही म्हणणार त्याला, डोळे विस्फारून बघत बसू. उंचावरच्या काचेच्या पुलावर पाय थरथरतात, काच मजबूत आहे हे पक्कं माहीत असूनही, ते थोडं जवळ जातं, पण तिथेही पाय घाबरतात, आपण नाही. विचारलं तर आपण म्हणूच की पूल पडणार नाही.

आणि हे सगळं बोलताना मी एक गोष्ट गृहीत धरतेय, की आपल्याला आपली कारणं माहीत असतात. १९७७ मध्ये निस्बेट आणि विल्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक पेपर लिहिला, त्यात त्यांनी गिऱ्हाइकांपुढे नायलॉनच्या पायमोज्यांच्या चार जोड्या ओळीने ठेवल्या आणि विचारलं यातली सगळ्यात चांगली कुठली. चारही अगदी एकसारख्या होत्या. लोकांनी सगळ्यात उजवीकडची जोडी सगळ्यात डावीकडच्या जोडीपेक्षा जवळजवळ चौपट वेळा निवडली. का म्हणून विचारलं तर विणीबद्दल, पोताबद्दल बोलले. जागेमुळे तर निवडलं नाही ना असं थेट विचारलं तर जवळजवळ सगळे नाही म्हणाले, वर विचारणाऱ्याकडे असं बघितलं की हा बरा आहे ना.

यावरून काही जण लगेच म्हणतात, बघा, कारणं वगैरे सगळं मागाहून चिकटवलेलं असतं, माणूस आधी करतो मग वकिली करतो. मला हे अर्धंच पटतं. मोज्यांच्या बाबतीत खरंय. पण 'म्हणून सगळीच कारणं थोतांड' हे जो म्हणतोय तो आपल्याला त्या प्रयोगाचा दाखला देऊन पटवतोय, म्हणजे मानण्याचं कारण देतोय. ते तरी थोतांड नाही ना? आणि माझं कारण मागाहून सुचलं म्हणून ते वाईट ठरत नाही. मैत्रिणीच्या मावशीने तो फोन कदाचित नुसत्या धास्तीने केला असेल, तरी तिने सांगितलेलं गाठीबद्दलचं ते खरंच होतं.

एक जागा मात्र उरते जिथे मला क्लिफर्डही पुरत नाही आणि माझं हे 'मानणं वेगळं करणं वेगळं'ही. मित्रावर आळ आला तर? कोणी येऊन सांगितलं की तुझ्या त्या मित्राने संस्थेच्या पैशात हात मारलाय. मी त्याला जाऊन विचारेन, त्याचं ऐकून घेईन, तोवर चार ठिकाणी बोलणार नाही, हे सगळं मला मत न बनवता करता येतं. पण तो जेव्हा विचारेल, "तुला पण वाटलं मी असं केलं असेल?" तेव्हा 'मी दोन्ही शक्यता धरून चालले होते' हे उत्तर तोंडावर फेकल्यासारखं होईल. त्याला माझं वागणं नको असेल, माझं वाटणं हवं असेल, आणि ते तर मी कोणाच्या सांगण्यावरून देऊ शकत नाही, त्याच्या सुद्धा.

यावर एक उत्तर असं देता येतं की इतकी वर्षं मी त्याला बघितलंय, हिशेबाला किती काटेकोर आहे ते बघितलंय, हा सुद्धा पुरावाच आहे, तिऱ्हाइताकडे नाही तो माझ्याकडे आहे, म्हणून मला तो निर्दोष वाटणं हे आंधळेपण नाही. हे बरोबर आहे आणि बहुतेक वेळा पुरतंही. पण बँकेचे कागद टेबलावर आले, सह्या त्याच्याच निघाल्या, आणि त्याच्याकडे सांगायला काही नसलं तर माझ्या वर्षांचा पुरावा त्यापुढे हलका पडतो, आणि तो पडायलाच हवा. मग मी 'मला नाही वाटत' असं म्हणत राहिले तर ते खोटं बोलणं झालं, मैत्रीत सुद्धा. त्याने केलंय हे मला पटलेलं असेल, ते त्याला तोंडावर सांगितलेलं असेल, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर वकिलाकडे मीच गेलेली असेन.